मोपाचे लाउंज : सुविधा कोणाची, हिशेब कोणाचा?

पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. तेव्हापासून उत्तर गोव्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांच्या प्रवासात एक नवा प्रश्न शिरला आहे. सुरक्षा तपासणी आटोपल्यावर विमान सुटेपर्यंतचा वेळ कुठे काढायचा? बाहेरच्या खुर्च्यांवर बसून, की पैसे मोजून लाउंजमध्ये? मुलगी बंगळुरूला नोकरीला असलेले डिचोलीचे निवृत्त शिक्षक असोत, की पुण्याला उपचारासाठी आईला घेऊन निघालेला पेडण्याचा तरुण असो, बँकेचे कार्ड हाती धरून हा हिशेब आता अनेकांना करावा लागतो. वरवर हा हौसेचा विषय वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे बँकांचा व्यवहार, विमानतळ चालविणाऱ्या कंपनीचे उत्पन्न, राज्याच्या तिजोरीचा वाटा आणि ज्यांच्या जमिनीवर विमानतळ उभा राहिला त्या गावांचा रोजगार असे अनेक धागे गुंतलेले आहेत.

मूठभरांची खोली, लाखोंची रांग

लाउंज ही कल्पना जुनी आहे. अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर १९३९ मध्ये पहिला ॲडमिरल्स क्लब उघडला, तेव्हा तेथे प्रवेश मिळे तो कंपनीच्या मर्जीतील बड्या मंडळींना. पुढे प्रथम व बिझनेस वर्गाच्या तिकिटाबरोबर हा मान मिळू लागला. १९९२ मध्ये प्रायॉरिटी पास आले आणि विमान कोणत्याही कंपनीचे असो, सदस्यत्वाची वर्गणी भरणाऱ्याला अनेक विमानतळांवरील लाउंजची दारे खुली झाली. भारतात हे दार सर्वसामान्यांसाठी उघडले ते मात्र बँकांच्या कार्डांनी. क्रेडिट कार्ड घ्या, लाउंज मोफत. डेबिट कार्ड वरच्या श्रेणीचे करा, लाउंज मोफत. प्रवेशद्वारावर कार्ड यंत्राला लावले की दोन रुपयांचा व्यवहार होई आणि पुढ्यात इडली-सांबारापासून बिर्याणीपर्यंतची पंगत मांडलेली असे.

ते दोन रुपये ही लाउंजची किंमत कधीच नव्हती. कार्ड खरे आहे आणि ते सवलतीस पात्र आहे, एवढे तपासण्यापुरताच तो व्यवहार होता. प्रत्येक प्रवेशामागे लाउंजचालकाला ठरावीक रक्कम मिळत असे. ती बँक किंवा कार्डाचे जाळे चालविणारी कंपनी देई आणि मधल्या दलाल कंपनीमार्फत ती लाउंजपर्यंत पोहोचे. म्हणजे जेवण फुकट नव्हते. त्याचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाटत होते. वार्षिक शुल्क, उशिरा भरलेल्या हप्त्यावरील व्याज आणि प्रत्येक खरेदीमागे व्यापाऱ्याकडून मिळणारा वाटा यांतून बँक ते वसूल करत होती. ग्राहकांची संख्या वाढली, विमानप्रवासही वाढला आणि हे बिल बँकांना जड जाऊ लागले.

त्यानंतर जे घडले ते कार्डधारकांनी अनुभवले आहेच. एचडीएफसी बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून आपल्या रेगालिया कार्डावरील देशांतर्गत लाउंजसाठी तिमाहीत एक लाख रुपये खर्चाची अट घातली. आयसीआयसीआय बँकेने १ एप्रिल २०२४ पासून अनेक कार्डांसाठी मागील तिमाहीत ३५ हजार रुपये खर्चाची अट आणली आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून ती ७५ हजारांवर नेली. अन्य बँकांनीही कमीअधिक फरकाने हाच मार्ग धरला.

दुसरा धक्का २०२५ मध्ये बसला. कार्डधारक आणि लाउंज यांना जोडणारी देशातील सर्वांत मोठी दलाल कंपनी म्हणजे ड्रीमफोक्स. जुलै २०२५ पासून आयसीआयसीआय व ॲक्सिस बँकेचे काही कार्यक्रम तिच्या हातून गेले. पाठोपाठ अदानी डिजिटल, एन्काल्म यांसारख्या लाउंजशी निगडित कंपन्यांनी तिच्याशी असलेले करार संपविले. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रीमफोक्सने आपली देशांतर्गत लाउंज सेवाच बंद केली. यातील एन्काल्म ही दिल्ली व हैदराबादप्रमाणेच मोपावरही लाउंज चालविणारी कंपनी असल्यामुळे हा दूरच्या बाजारपेठेतील वाद गोव्याच्या प्रवाशापर्यंत थेट पोहोचला. बँका आणि लाउंजचालक आता परस्पर व्यवहार करू लागले आहेत. त्यामुळे गेल्या वर्षी चाललेले कार्ड यंदा चालेलच, असे गृहीत धरता येत नाही. काही कार्डांना दारातील यंत्राऐवजी बँकेच्या ॲपमधून आधी कूपन काढावे लागते. रांगेत उभे राहून दारात नकार ऐकण्यापेक्षा घरून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपवर पात्रता पाहणे शहाणपणाचे.

पैसे मोजण्याजोगे आहे का?

मोफत प्रवेश नसेल तर उरतो तो रोख पैसे भरून आत जाण्याचा पर्याय. देशातील मोठ्या विमानतळांवर देशांतर्गत लाउंजचा थेट दर साधारणपणे हजार ते दोन हजार रुपयांच्या दरम्यान असतो आणि मुक्कामाची मर्यादा बहुधा दोन-तीन तासांची. त्या बदल्यात मिळते बसायला मऊ खुर्ची, हवे तितके खाणे, चहा-कॉफी, वायफाय, मोबाइल चार्ज करण्याची सोय आणि तुलनेने शांतता. मद्य सर्वच ठिकाणी या दरात धरलेले नसते; अनेक लाउंजमध्ये त्याचे वेगळे पैसे पडतात. मद्यावरील करांबाबत उदार असलेल्या गोव्यात त्यासाठी लाउंज गाठणे हा तर उलटाच व्यवहार ठरावा.

एका प्रवाशाचा हिशेब सोपा आहे. समजा, प्रवेशासाठी १,२०० रुपये पडतात. बाहेरच्या उपाहारगृहात त्याच वेळेत चहा, पाण्याची बाटली आणि एक खाद्यपदार्थ यांवर ४०० रुपये खर्च झाले असते. म्हणजे उरलेले ८०० रुपये तो खुर्ची, शांतता आणि वायफाय यांच्यासाठी मोजतो. तीन तास थांबायचे असेल आणि त्या काळात काम करायचे असेल, तर ही रक्कम काहींना वावगी वाटणार नाही. तासभरच असेल, तर तीच रक्कम उधळपट्टी ठरते. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब आणखी वेगळा. कार्डावरील सवलत सहसा कार्डधारकापुरतीच असते. सोबतच्यांचे पैसे वेगळे. चौघांचे ४,८०० रुपये म्हणजे काही वेळा आधी काढलेल्या एका तिकिटाइतकी रक्कम. एवढ्या पैशांत घरची पोळी-भाजी सोबत बांधून नेणारे कुटुंब मुक्कामी पोहोचून एक वेळ चांगले जेवू शकते. घरचे कोरडे खाद्यपदार्थ देशांतर्गत प्रवासात सोबत नेण्यास साधारणतः आडकाठी नसते, रिकामी बाटली तपासणीनंतर पिण्याच्या पाण्याने भरून घेता येते, हे अनेकांना ठाऊक नसते किंवा ठाऊक असूनही संकोच आड येतो.

कार्डाच्या अटीसाठी वाढीव खर्च करणे तर सर्वांत महागडे. तिमाहीत ७५ हजारांचा खर्च घरखर्चातून आपसूक होत असेल तर गोष्ट वेगळी. पण ५५ हजारांवर थांबलेला आकडा लाउंजसाठी ओढूनताणून पुढे नेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यात हप्ता चुकला तर क्रेडिट कार्डावरील व्याज महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक असू शकते. बँकेने दिलेला आवळा नेमका कोणत्या कोहळ्यासाठी होता, हे तेव्हा कळते.

अंतर बदलले की उत्तर बदलते

गोव्याच्या बाबतीत या प्रश्नाला भूगोलाचे परिमाण आहे. पेडणे शहर, धारगळ, कोरगाव किंवा हरमल येथील प्रवाशाला मोपा घराच्या अंगणात आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ ला धारगळ येथे जोडणारा सहा पदरी जोडरस्ता २०२४ मध्ये खुला झाल्यापासून तर वेळेचा अंदाज अधिक नेमका बांधता येतो. देशांतर्गत उड्डाणापूर्वी दोन तास पोहोचावे, असे विमान कंपन्या सांगतात. सामान देण्याचे काउंटर साधारणपणे तासभर आधी बंद होते. एवढ्या वेळात तपासणी वजा जाता पेडणेकराच्या हाती उरतो तो तास-सव्वा तास. त्याने लाउंजसाठी पैसे मोजण्याचे कारण क्वचितच सापडेल.

डिचोलीकराचे गणित थोडे निराळे. डिचोली, साखळी, मये या भागातून अस्नोडा-कोलवाळमार्गे धारगळ गाठावे लागते. अंतर फार नाही. पण रात्री सार्वजनिक वाहतूक विरळ आणि टॅक्सी महाग, म्हणून सोबत करणाऱ्याच्या सोयीने, शेवटच्या बसच्या वेळेने किंवा शेजाऱ्याच्या गाडीने तीन-चार तास आधीच विमानतळ गाठणारे अनेक. काणकोण, केपे, सांगे येथून येणाऱ्याची स्थिती तर याहून बिकट. दाबोळीची धावपट्टी नौदलाची आहे, तेथे नौदलाच्या सरावाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. मोपावर तशी अडचण नाही आणि उड्डाणे चोवीस तास होऊ शकतात. रात्री उशिरा आणि पहाटेची विमाने त्यामुळे मोपाच्या वाट्याला येतात. कतार एअरवेजनेही जून २०२४ मध्ये आपली सेवा दाबोळीहून मोपावर हलविल्यानंतर आखातात व त्यापलीकडे जाणारे प्रवासी येथे येऊ लागले. दूरचे गाव, अवेळचे विमान आणि अपुरी बससेवा एकत्र आली की लाउंजची गरज वाढते. म्हणजेच, लाउंजवर खर्च होणाऱ्या पैशातील काही भाग हा वस्तुतः सार्वजनिक वाहतुकीच्या उणिवेचा दंड असतो. कदंब महामंडळाच्या फेऱ्या रात्री-पहाटेच्या विमानांच्या वेळेशी जुळल्या, तर अनेकांचे हे पैसे वाचतील. टॅक्सी व्यावसायिक आणि ॲपवरील टॅक्सीसेवा यांच्यातील वादात प्रवाशाची ही बाजू नेहमीच मागे पडते.

ज्यांच्या कार्डावर तिमाहीत एखादाच मोफत प्रवेश आहे, त्यांनी तो मोपावर वापरण्याची घाई करू नये. दिल्ली, मुंबई किंवा हैदराबादला विमान बदलताना चार-पाच तासांचा खोळंबा होतो, तेव्हा तोच प्रवेश खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. वयोवृद्ध आई-वडील, मधुमेही रुग्ण, तान्हे मूल सोबत असेल तर मात्र पैशांचा विचार दुय्यम ठरतो. त्यांना निवांत बसण्याची जागा आणि वेळेवर अन्न मिळणे ही चैन मानता येणार नाही.

हक्काचे जेवण कोण मागतो?

विमानाला उशीर झाला की प्रवासी लाउंजकडे वळतात. अशा वेळी आपल्या हक्काचे विस्मरण होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, प्रवासी वेळेत हजर झाला असेल आणि अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर विमान कंपनीने त्याला विनामूल्य अल्पोपाहार किंवा भोजन द्यावयाचे असते. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणासाठी ही मर्यादा तीन तासांची आहे, त्याहून लांबच्या उड्डाणासाठी चार तासांची. देशांतर्गत उड्डाण सहा तासांहून अधिक लांबणार असेल, तर पर्यायी उड्डाण किंवा संपूर्ण परतावा यांतून निवड करण्याचा हक्क प्रवाशाला आहे. मोपाहून मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद ही सारी उड्डाणे पहिल्या गटात मोडतात. पावसाळ्यात गोव्यातील विमानांना हवामानाचा फटका बसतो, तेव्हा लाउंजचे दार ठोठावण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन हक्काचे जेवण मागणे अधिक श्रेयस्कर.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची देशभरातील हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीच्या नव्या नियमांची तयारी अपुरी पडल्याचे ते फलित होते. त्या दिवसांत विमानतळांवर लोक जमिनीवर झोपलेले साऱ्या देशाने पाहिले. अशा प्रसंगी लाउंज कामास येत नाही. त्याच्या खुर्च्या मोजक्या असतात आणि मुक्कामाची मर्यादा तासांची. संकट सर्वांवर येते तेव्हा आधार द्यावा लागतो तो सर्वांसाठी असलेल्या प्रतीक्षागृहानेच.

सर्वांसाठीचा निवारा

लाउंजची भरभराट आणि सामान्य प्रतीक्षागृहाची अवस्था यांचा संबंध येथे येतो. बाहेर चहा महाग असेल, खुर्ची मिळत नसेल, गोंगाट असह्य असेल, तर लाउंज स्वस्त वाटू लागते. बाहेरची सोय जितकी चांगली, तितकी लाउंजची ओढ कमी. विमानतळावरील खाद्यपदार्थांच्या दरांवरून संसदेत आवाज उठल्यानंतर भारतीय विमानतळ प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू केला. तेथे चहा आणि पाण्याची बाटली दहा रुपयांना, समोसा वीस रुपयांना ठेवण्यात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईला असाच कॅफे उघडला. विमानतळाच्या आत दहा रुपयांत चहा देता येतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. मोपा हा प्राधिकरणाचा विमानतळ नाही. तो राज्य सरकारशी झालेल्या करारानुसार जीएमआर समूहाची कंपनी चालविते. म्हणूनच असा कॅफे मोपावर व्हावा, ही मागणी दिल्लीपेक्षा पर्वरीच्या विधानसभेत होणे अधिक सयुक्तिक.

यात राज्याचा आर्थिक हितसंबंधही आहे. ४० वर्षांच्या या करारात विमानतळ चालविणाऱ्या कंपनीने आपल्या महसुलातील ३६.९९ टक्के वाटा राज्याला देण्याचे मान्य केले आहे. विमान उतरण्याचे शुल्क किंवा तिकिटात समाविष्ट असलेले वापरकर्ता विकास शुल्क हे विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरविते. लाउंजचा, चहाचा किंवा दुकानांचा दर मात्र कोणी ठरवून देत नाही. दुकाने, जाहिराती, वाहनतळ, लाउंज यांपासून कंपनीला मिळणाऱ्या उत्पन्नाला विमानेतर उत्पन्न म्हणतात. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणात अशा उत्पन्नाचा ३० टक्के भाग विमानसेवेचे शुल्क हलके करण्यासाठी धरावा, असे सूत्र आहे. म्हणजे लाउंजमधून कंपनीला मिळणारे भाडे वा वाटा वाढला, तर तत्त्वतः राज्याचे उत्पन्न वाढते आणि लाउंजमध्ये पाऊल न टाकणाऱ्या प्रवाशाच्या तिकिटावरील भारही थोडा घटतो. या दृष्टीने पाहिले, तर लाउंजवर नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्याला परवडते त्याने पैसे मोजावेत आणि त्यातून सर्वांची सोय व्हावी, ही व्यवस्था न्याय्यच आहे. अडचण येते ती दुसरा भाग घडतो की नाही हे जनतेला दिसत नाही, तेव्हा. विमानेतर उत्पन्न किती, त्यातून राज्याला किती मिळाले आणि प्रतीक्षागृहातील सोयींवर किती खर्च झाला, याचा वार्षिक तपशील सोप्या भाषेत जनतेसमोर यावा, ही अपेक्षा गैर नाही.

पेडण्याचा वाटा

मोपा, कासारवर्णे, चांदेल, वारखंड, उगवे, अमेरे या परिसरातील जमीन या प्रकल्पासाठी गेली. काजूच्या बागा, कुळागरे, गुरांची कुरणे गेली. त्या मोबदल्यात रोजगाराचे आश्वासन मिळाले आणि स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देण्यासाठी विमान वाहतूक कौशल्य विकास केंद्रही उभे राहिले. लाउंज हा या रोजगाराचा एक छोटा पण बोलका नमुना आहे. स्वागतकक्ष, स्वयंपाकघर, वाढपी, स्वच्छता, हिशेब, व्यवस्थापन अशी सारी कामे एका छताखाली असतात. म्हणून केवळ ‘स्थानिकांना नोकऱ्या दिल्या’ हा आकडा पुरेसा ठरत नाही. पेडण्याचे किती तरुण स्वच्छतेच्या कामावर आहेत आणि किती व्यवस्थापक झाले, किती कंत्राटी आहेत आणि किती कायम, हे कळल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ येत नाही. खाणी बंद पडल्यानंतर डिचोली तालुक्याने रोजगाराची पोकळी अनुभवली आहे. एकाच उद्योगावर भिस्त ठेवल्याची किंमत काय असते, हे तेथील ट्रकमालकाला वेगळे सांगावे लागत नाही. विमानतळाच्या आधाराने उभे राहणारे काम शेजारच्या तालुक्यातही झिरपले, तर तो धडा उपयोगी पडला असे म्हणता येईल.

दुसरा मुद्दा ताटातल्या पदार्थांचा. देशभरातील लाउंजची न्याहारी एकसारखी होत चालली आहे. हरमलची मिरची, गोव्याचे काजू, बेबिंका, खाजे यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पेडण्याच्या स्वयंसाहाय्य गटाची पोळी, उसळ किंवा पातोळ्या लाउंजच्या ताटात आणि बाहेरच्या गाळ्यावर रास्त दरात आल्या, तर पर्यटकाला गोव्याची चव आणि गावाला हक्काचे गिऱ्हाईक मिळेल. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने आपल्या विमानतळांवर ‘अवसर’ योजनेखाली स्वयंसाहाय्य गटांना जागा दिली आहे. तिचे अनुकरण खासगी विमानतळावर करण्यास करार आड येत असेल, तर कराराबाहेर सामंजस्याने मार्ग काढता येतो. पहिल्या टप्प्यात वर्षाला ४४ लाख प्रवाशांच्या क्षमतेने बांधलेल्या या विमानतळाचा विस्तार पुढे होणारच आहे. नवीन गाळे आणि नवीन लाउंज यांचे करार होण्यापूर्वीच ही अट मांडली गेली पाहिजे. करार झाल्यावरची मागणी ही केवळ विनंती ठरते.

मोपावर लाउंजसाठी पैसे मोजावेत का, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे प्रत्येकाचे वेगळे असेल. पेडण्यासारख्या जवळच्या गावातून येणाऱ्या, तासाभरात विमानात बसणाऱ्या निरोगी प्रवाशाला त्याची गरज नाही. तीन तासांहून अधिक थांबावे लागणारा, सोबत वृद्ध वा आजारी माणूस असलेला किंवा निवांत काम करावे लागणारा प्रवासी ते पैसे विनासंकोच मोजू शकतो. कार्डावर खरोखर मोफत असेल तर जरूर जावे. पण त्यासाठी एक रुपयाही जादा खर्च करू नये. वैयक्तिक पातळीवर हिशेब येथे संपतो. सार्वजनिक पातळीवर तो येथून सुरू होतो. बाहेरच्या खुर्चीवर बसलेल्या गोमंतकीयाला स्वस्त चहा, स्वच्छ पाणी, पुरेशी बसण्याची जागा आणि घरी परतायला वेळेवर बस मिळाली पाहिजे. त्याने लाउंजचे दार पैशांअभावी टाळले तरी त्याला काही गमावल्यासारखे वाटू नये, एवढी काळजी राज्याने आणि विमानतळ चालविणाऱ्यांनी घेतली, तर पेडण्याने दिलेल्या पठाराचे चीज झाले असे म्हणता येईल.